धागा तुटतो तेव्हा काय उडते?

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात चिंचपाडा नावाचे गाव आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे एक लहान स्थानक. येथून गाडीत बसून पश्चिमेकडे निघालात की नवापूर लागते. त्या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आणखी पुढे गेलात की सुरत येते. नायलॉन व पॉलिएस्टर कापडाचे हे देशातील एक मोठे केंद्र. म्हणजे कृत्रिम धाग्याचे गाव आणि चिंचपाडा एकाच लोहमार्गाने जोडलेले आहेत.

पण कृत्रिम धागा पाहण्यासाठी सुरतेला जायची गरज नाही. समजा, तुम्ही चिंचपाड्यात राहता. घरामागच्या विहिरीवर जा. पोहऱ्याला बांधलेली दोरी पूर्वी अंबाडीची किंवा घायपाताची असे, आज ती बहुधा नायलॉनची असते. बैलाचा कासरा पाहा, ट्रकवरच्या मालाला आवळलेला दोर पाहा. उकाई धरणाचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरला आहे; त्या पाण्यात टाकलेले मासेमारीचे जाळेही नायलॉनचेच.

आता अशी कल्पना करा की पोहरा वर येता येता दोरी तुटली. 'फट्' असा आवाज झाला, पोहरा धप्पकन पाण्यात पडला आणि दोरीचे टोक तुमच्या हाताला चटका देऊन गेले. तुम्ही म्हणाल, "दोरी तुटली, संपले!" पण मित्रहो, संपले नाही. त्या क्षणी तुटलेल्या टोकापाशी बरेच काही घडून गेले. तेथून काहीतरी उडाले. ते काय, हे आज पाहू.

आधी जमाखर्च मांडू

गणिताची वही घ्या. मासे पकडण्याचा अर्धा मिलिमीटर जाडीचा नायलॉन धागा घ्या. याला बाजारात तंगूस म्हणतात. समजा, एक मीटर लांबीचा हा धागा १० किलोग्रॅम भाराला तुटतो आणि तुटण्यापूर्वी २० सेंटिमीटर ताणला जातो. १० किलोग्रॅम भार म्हणजे सुमारे १०० न्यूटन बल. ताण शून्यापासून सारखा वाढत गेला असे सोयीसाठी धरले, तर धाग्यात साठलेली ऊर्जा होते

½ × १०० × ०·२ = १० ज्यूल.

एक किलोग्रॅमचे वजन एक मीटर उचलायला लागते तेवढी ही ऊर्जा. ही झाली जमेची बाजू.

आता खर्च. धागा म्हणजे लांबच लांब रेणूंची जुडी. आपल्या धाग्याच्या छेदात असे सुमारे एक लाख कोटी रेणू शेजारी शेजारी बसतात. धाग्याचे दोन तुकडे करायचे तर यांतील प्रत्येकाचा निदान एक रासायनिक बंध तुटायला हवा. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३·६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ज्यूलमध्ये दशांशचिन्हानंतर अठरा शून्ये व मग ५८ एवढी ऊर्जा लागते. गुणाकार केला तर सगळे बंध तोडण्याचा खर्च एका ज्यूलच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी येतो!

जमा १० ज्यूल आणि खर्च एवढासा. म्हणजे खर्चाच्या दीड कोटीहून अधिक पट ऊर्जा शिल्लक राहिली. ती गेली कोठे? बरीचशी उष्णतेत गेली. काही टोकांच्या फटकाऱ्यात गेली, तोच तुमच्या हाताला बसला. काही आवाजात गेली. आणि अगदी थोडा भाग अशा वाटेने गेला, की ती वाट सापडायला शास्त्रज्ञांना निर्वात पेटी आणि फार संवेदनशील उपकरणे वापरावी लागली.

धाग्याच्या पोटात

त्या वाटेने जाण्यापूर्वी धागा आतून कसा असतो ते समजून घेतले पाहिजे.

नायलॉन हा पहिला खराखुरा कृत्रिम धागा. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने तो १९३५ साली तयार केला. छोटे रेणू आगगाडीच्या डब्यांप्रमाणे एकामागे एक जोडून प्रचंड लांब रेणू बनवायचा, ही त्यामागची युक्ती. अशा रेणूला बहुवारिक म्हणतात. नायलॉनमधील डबे ज्या जोडाने जोडलेले असतात, तोच जोड रेशमात आणि लोकरीतही आढळतो. रेशमाचा किडा हे काम कितीतरी आधीपासून करीत आला आहे.

त्याच कंपनीत स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. १९६५ साली त्यांनी एक नवे बहुवारिक द्रवात विरघळवले. नेहमीचे द्रावण काकवीसारखे दाट आणि पारदर्शक असे. हे मात्र ताकासारखे पातळ आणि गढूळ निघाले. धागा काढण्याच्या यंत्रात बारीक छिद्रांची चाळणी असते. गढूळ द्रावणातले कण त्या छिद्रांत अडकतील, म्हणून यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने सुरुवातीला नकार दिला. क्वोलेकबाईंनी आग्रह सोडला नाही. शेवटी धागा काढला गेला, आणि तो इतका बळकट निघाला की पाहणाऱ्यांचा विश्वास बसेना. हाच पुढे 'केवलार' या नावाने प्रसिद्ध झाला. सारख्या वजनाच्या पोलादाशी तुलना केली तर तो सुमारे पाचपट बळकट असतो.

त्या गढूळपणातच सारे रहस्य होते. नायलॉनचे रेणू वेड्यावाकड्या शेवयांसारखे असतात, तर केवलारचे रेणू ताठ काड्यांसारखे. द्रावणात असतानाच या काड्या एका दिशेने रांगेत उभ्या राहतात. धाग्याच्या लांबीच्या दिशेने प्रत्येक काडी पक्क्या रासायनिक बंधांनी बांधलेली असते. शेजारच्या काडीशी मात्र तिचे नाते हायड्रोजन बंधांचे, म्हणजे बरेच सैल असते.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना असा पदार्थ चांगला परिचयाचा आहे. तो म्हणजे बांबू. बांबूची कामटी वाकवून मोडून पाहा. खडूसारखी ती एका जागी कटकन तुटत नाही. लांबच लांब कुसे निघतात, उभ्या चिरा जातात, आणि मग ती हळूहळू सुटते. केवलारचा एकेक तंतू जेमतेम १२ मायक्रोमीटर जाडीचा, आपल्या केसाहूनही कितीतरी बारीक. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे तुटलेले टोक नेमके मोडक्या कामटीसारखे दिसते: कुसेच कुसे! ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

दोरी कधी तुटायला लागते?

"ही दोरी ५० किलोला तुटते" असे आपण सहज म्हणतो. पण ४५ किलोचा भार तिला महिनाभर टांगून ठेवला तर? लेनिनग्राडच्या भौतिकी-तंत्रविज्ञान संस्थेत सेराफिम झुर्कॉव्ह आणि त्यांचे सहकारी १९५०-६० च्या सुमारास नेमका हाच प्रश्न विचारीत होते. निरनिराळे धागे निरनिराळ्या भारांनी ताणून ते तुटायला किती वेळ लागतो, याची त्यांनी मोजणी केली. भार समान टप्प्यांनी वाढवत नेला, की प्रत्येक टप्प्याला आयुष्य ठरावीक पटीने घटते, असे त्यांना दिसले. तापमान वाढले तरी आयुष्य घटते.

याचा अर्थ असा. धाग्यातील अणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. ताणलेला बंध अशाच एखाद्या मोठ्या थरथरीत सुटतो. मग त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. आज एक सुटतो, उद्या दुसरा. आपल्याला दिसते ती 'फट्' ही शेवटची घटना. तुटणे तर भार टांगल्या क्षणीच सुरू झालेले असते.

याला पुरावा काय? बंध मध्येच तुटला की त्याच्या दोन्ही टोकांना एकेक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. अशा टोकांना मुक्त मूलके म्हणतात. इलेक्ट्रॉन-परिभ्रम-अनुनाद नावाच्या तंत्राने ती मोजता येतात. झुर्कॉव्ह यांच्या गटाने नायलॉनचे धागे ताणत ठेवले, तेव्हा धागा अखंड दिसत असतानाच त्यात मुक्त मूलके वाढताना आढळली. शिवाय ताणलेल्या बहुवारिकातून रेणूंचे लहान तुकडे वायुरूपाने बाहेर पडतात, असेही त्यांना वस्तुमान-वर्णपटमापकात दिसले. धाग्यातून काहीतरी उडते, याची ही एक साक्ष झाली.

निर्वात पेटीतला प्रयोग

दुसरी साक्ष अमेरिकेतून आली. वॉशिंग्टन राज्यातील पुलमन गावी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आहे. तेथे जे. थॉमस डिकिन्सन आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पदार्थ मोडताना बाहेर पडणाऱ्या कणांचा अभ्यास करू लागले. काच, इपॉक्सी राळ, स्फटिक आणि केवलारचे तंतू असे कितीतरी पदार्थ त्यांनी मोडून पाहिले. या घटनेला आपण 'भंग-उत्सर्जन' म्हणू.

प्रयोगाची मांडणी समजायला सोपी आहे. एक पोलादी पेटी घ्यायची आणि तिच्यातली हवा पंपाने काढून दाब वातावरणाच्या सुमारे अब्जाव्या भागापर्यंत खाली आणायचा. आत धागा दोन चिमट्यांत धरायचा आणि बाहेरून दांडा ओढून ताणायचा. धाग्याजवळ इलेक्ट्रॉन टिपणारे उपकरण ठेवायचे. हे उपकरण एका इलेक्ट्रॉनामागे दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार करते, त्यामुळे एकेक कण मोजता येतो. सोबत प्रकाशासाठी प्रकाशगुणक नळी आणि आवाजासाठी ध्वनिग्राहक.

हवा का काढायची? साध्या हवेत मंद इलेक्ट्रॉनाला मिलिमीटरचा हजारावा भाग कापतानाही हवेच्या रेणूंशी टक्कर द्यावी लागते. तो उपकरणापर्यंत पोचणारच नाही. त्या विरळ पेटीत मात्र त्याला मोकळे मैदान मिळते.

धागा तुटला की काय दिसते? इलेक्ट्रॉनांची संख्या एकदम उसळी घेते. त्याच वेळी धन आयन उडतात, विद्युतभार नसलेले अणू-रेणू उडतात, प्रकाश चमकतो आणि रेडिओलहरीही निघतात. एक धागा तुटण्यात एवढे सारे! धागा तुटून गेल्यावरही कण काही काळ उडतच राहतात. विस्तवातली ठिणगी जशी हळूहळू विझते, तशी त्यांची संख्या हळूहळू उतरत जाते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नुसती राळ मोडली तर उत्सर्जन थोडे होते आणि चटकन थांबते. पण राळेत तंतू बसवलेले असतील आणि मोडताना राळ तंतूपासून सुटत असेल, तर उत्सर्जन कितीतरी अधिक होते आणि बराच वेळ टिकते. दोन वेगळ्या पदार्थांची सोयरीक तुटते तेथे कणांचा वर्षाव मोठा! म्हणजे उडणारे कण मोजून आत काय तुटले याचा अंदाज येतो.

एवढी ऊर्जा आली कोठून?

तुमच्या मनात शंका आली असेल. एक बंध तुटला तर तीन-चार इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा व्यवहार. मग जोराने कण उडवायला ऊर्जा कोठून येते?

याचे उत्तर विद्युतभाराच्या वाटणीत आहे. फट पडते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना भार सारखा वाटला जात नाही. एका बाजूला थोडा धन भार जास्त राहतो, दुसऱ्या बाजूला ऋण. दोन वेगळे पदार्थ एकमेकांपासून सुटत असतील तर ही वाटणी अधिकच विषम होते. आता या दोन बाजू दूर जाऊ लागतात. विरुद्ध भारांना एकमेकांपासून ओढून काढायला काम करावे लागते. ते काम दोरी ओढणारा हात करतो. त्यामुळे फटीतला विद्युतदाब वाढत जातो.

किती वाढतो? हवेची सहनशक्ती दर मिलिमीटरला सुमारे ३,००० व्होल्ट आहे. फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी रुंद झाली, की हवेतसुद्धा ३०० व्होल्टांपर्यंत मजल जाते. निर्वातात ती आणखी पुढे जाऊ शकते. फटीत तुटलेल्या रेणूंचे वायुरूप तुकडे असतातच. त्यांच्यातून बारीकशी वीज चमकते. पावसाळ्यात ढगात चमकते तीच, पण केसाहून अरुंद आभाळात! या विजेने फटीच्या भिंती भाजून निघतात. तेथे अडकून पडलेले इलेक्ट्रॉन मग सावकाश सुटत राहतात. धागा तुटल्यानंतरही कण उडतात, ते यामुळे.

आता केवलारची कुसे आठवा. एका तंतूत शेकडो उभ्या चिरा पडतात, म्हणजे शेकडो नव्या भिंती तयार होतात, आणि प्रत्येक भिंतीवर भाराच्या वाटणीला जागा मिळते.

ही ऊर्जा कोठवर जाऊ शकते, याचे नवलाचे उदाहरण साध्या चिकटपट्टीचे आहे. निर्वातात चिकटपट्टी सोलताना वेगवान इलेक्ट्रॉन निघतात, हे रशियन शास्त्रज्ञांनी १९५३ सालीच दाखवले होते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत कार्लोस कॅमारा, सेथ पुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरळ हवेच्या पेटीत चिकटपट्टीचे रीळ उलगडले. त्यातून क्ष-किरण निघाले आणि त्यांच्या साहाय्याने त्यांनी बोटाच्या हाडाचे छायाचित्र घेतले! घाबरू नका. आपल्या नेहमीच्या हवेत इलेक्ट्रॉनांना वेग घ्यायला वावच मिळत नाही, त्यामुळे पट्टी सोलताना किंवा पोहऱ्याची दोरी तुटताना क्ष-किरण निघत नाहीत.

याचा उपयोग काय?

आपल्या पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे ७ टन घन इंधन असते. ते ज्या नळकांड्यात जळते, ते केवलारचे तंतू इपॉक्सी राळेत बसवून गुंडाळलेले असते. १५ ऑक्टोबर १९९४ रोजी या अग्निबाणाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले, तेव्हा आतल्या वायूचा प्रचंड दाब याच तंतूंनी सोसला. अमेरिकेची स्पेस शटल याने १९८१ ते २०११ या काळात उडत होती. त्यांच्यात दाबाखाली वायू साठवण्यासाठी केवलार गुंडाळलेल्या टाक्या होत्या. याने जुनी झाली तशी अभियंत्यांना काळजी वाटू लागली: वर्षानुवर्षे दाब सोसणारे तंतू, बाहेरून काहीच न दिसता, एक दिवस अचानक तुटले तर? हाच तो झुर्कॉव्ह यांचा प्रश्न. फरक एवढाच की आता त्याच्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

टाकी मोडेपर्यंत वाट पाहून चालत नाही. म्हणून आत एकेक तंतू तुटताना होणारा बारीक आवाज टिपून टाक्यांची परीक्षा करतात. भंग-उत्सर्जनाची मोजणी निर्वात पेटी मागते, त्यामुळे ती अजून प्रामुख्याने प्रयोगशाळेत होते. पण तंतू आणि राळ यांची पकड कोठे सैल आहे, फट केव्हा आणि किती वेगाने पळते, हे ती मिलिसेकंदाहूनही बारीक काळात सांगते. अधिक भरवशाचे धागे आणि राळ निवडायला ही माहिती हवीच.

तुम्ही करून पाहा

१. *साखरेची वीज.* नवापूर तालुक्यात डोकारे येथे साखर कारखाना आहे, तेव्हा साखरेला काय तोटा! कोरड्या खडीसाखरेचे खडे घ्या. अमावास्येच्या रात्री दिवा मालवून पंधरा मिनिटे अंधारात बसा, म्हणजे डोळे तयार होतील. मग खडा पकडीत धरून फोडा. निळसर चमक दिसेल. डोळ्यांवर चष्मा हवाच. फ्रान्सिस बेकन यांनी १६२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साखरेच्या या चमकेचा उल्लेख आहे. हवेतील नायट्रोजनमधून बारीक वीज जाते म्हणून ही चमक दिसते. आपल्याकडे जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठातील बी. पी. चंद्रा यांनी अशा प्रकाशावर अनेक वर्षे संशोधन केले.

२. *चिकटपट्टीची रेघ.* तशाच अंधारात चिकटपट्टी झटक्याने सोला. पट्टी सुटते त्या रेषेवर फिकट उजेड दिसेल.

३. *दोऱ्याचे आयुष्य.* शिवणाचा पॉलिएस्टर दोरा घ्या. गाठ मारू नका, कारण दोरा गाठीपाशीच आधी तुटतो; दोन्ही टोके पेन्सिलीभोवती सात-आठ वेढे देऊन धरा. एक पेन्सिल टांगा, दुसरीला प्लास्टिकची बाटली अडकवा आणि तीत थोडे थोडे पाणी ओता. किती भाराला दोरा तुटतो ते दहा दोऱ्यांवर मोजून सरासरी काढा. मग नव्या दोऱ्यांना सरासरीच्या नऊ दशांश भार लावा आणि घड्याळ पाहात बसा. काही लगेच तुटतील, काही तासाने, काही दुसऱ्या दिवशी. दुपारच्या उन्हात आणि रात्रीच्या गारव्यात आकडे सारखेच येतात का, तेही पाहा.

तिसऱ्या प्रयोगाचे आकडे वहीत नीट लिहून ठेवा आणि विज्ञानाच्या गुरुजींना दाखवा. आणि एक कराच. घरी विहिरीची दोरी जुनी झाली असेल, तर तिचे पीळ उघडून पाहा. उन्हाने आणि घर्षणाने कुसे निघालेली दिसली, तर आई-वडिलांना दोरी बदलायला सांगा. ती अजून तुटलेली नसेल. पण तिचे तुटणे सुरू झाले आहे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.